रात्री फोन लवकर बाजूला ठेवला तर झोप आणि चिडचिड खरंच सुधारते का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे, जनरल शिफ्ट, वय चाळीसच्या आसपास. घरी नवरा (त्यांच्या शिफ्ट बदलत असतात), सातवीतली मुलगी आणि सासूबाई. ओटा आवरून, सकाळच्या डब्याची भाजी चिरून मी आडवी होते तेव्हा साडेदहा-अकरा झालेले असतात आणि मग फोन हातात येतो. सुरुवात कंपनीच्या ग्रुपने होते, उद्याच्या ऑडिटचं काही आलंय का बघायचं म्हणून, आणि तिथून रील्स, साड्यांचे व्हिडिओ, बातम्या, कुणाचं तरी स्टेटस असं करत एक-दीड कधी वाजतो कळत नाही. डोळे चुरचुरत असतात तरी ठेववत नाही, कारण दिवसातला तेवढाच वेळ माझा एकटीचा असतो, तेव्हा कुणी काही मागायला येत नाही.

सकाळी साडेपाचला उठावंच लागतं. मग दिवसभर डोकं जड, मुलीने साधी पाण्याची बाटली विसरली तरी मी जोरात ओरडते आणि नंतर वाईट वाटत राहतं. दुपारी कधीकधी उगाचच छातीत धडधडतं. डॉक्टरांकडे जाऊन आले, बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासलं, सगळं ठीक आहे. ते म्हणाले मोबाइल कमी करा, आपोआप झोप लागेल. एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट.

तर ज्यांनी खरंच कमी केलंय त्यांना विचारायचंय की फरक पडतो का, पडत असेल तर कशात, झोपेत की मूडमध्ये की दोन्हीत, आणि किती कमी करायचा? फोन पूर्ण बंद करणं मला शक्य नाही. वडील सिन्नरला एकटे राहतात, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रात्री कधीही फोन येऊ शकतो. कृपया "इच्छाशक्ती हवी" असं सांगू नका, ते ऐकून झालंय.

घाटमाथा:
माझ्याही घरात हेच चाललंय, फक्त माझ्याकडे रील्सऐवजी क्रिकेट. उत्तरं वाचायला बसलोय.

कृष्णाकाठ:
निशिगंधताई, मी कराडजवळ हायस्कूलला शिक्षक आहे. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला परत भोंगा झाला की सुरू. सरपंच विजय मोहिते यांनी हे ग्रामसभेत मांडलं होतं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, ही मूळ तक्रार. आधी लोकांनी मनावर घेतलं नाही, मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, रिटायर झालेले मास्तर असे सगळे घरोघरी जाऊन सांगायला लागले तेव्हा ते रुळलं.

आता तो उपक्रम पोरांच्या अभ्यासासाठी आहे, झोपेसाठी नाही, आणि सात ते साडेआठ ही काही झोपायची वेळ पण नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं ते थेट उत्तर नाही हे मला माहितीये. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते की तिथे एका वेळी सगळ्यांचाच बंद होतो. आई स्वयंपाकघरात सिरियल बघत बसलीये आणि पोराला म्हणतीये मोबाइल ठेव, असं तिथे होत नाही. एकट्या माणसाने घरात बसून फोन ठेवायचा आणि बाजूला नवरा किंवा बायको स्क्रीन चमकवत पडलेली असणार, यात कुणाचाही टिकाव लागणं अवघड आहे, त्यात इच्छाशक्तीचा काय दोष.

आम्ही घरी एवढंच केलं की साडेनऊ वाजले की सगळ्यांचे फोन सोप्यातल्या फळीवर चार्जिंगला, माझा पण, आणि चार्जर तिथून हलवायचाच नाही. झोपायच्या खोलीत चार्जर नाही. बायकोने पहिले काही दिवस फार कटकट केली, मी पण केली, दहा वाजता काय करायचं हेच सुचायचं नाही, एकमेकांशी काय बोलायचं हा पण प्रश्नच होता. झोप लगेच सुधारली नाही. आधी फरक पडला तो सकाळच्या मूडमध्ये, म्हणजे उठल्या उठल्या ग्रुपवरच्या भांडणांनी दिवस सुरू व्हायचा तो थांबला. झोप त्यानंतर हळूहळू लवकर यायला लागली. पोरांचं मात्र सांगतो, त्यांना चार-पाच दिवसच जड गेलं, मोठ्यांनाच जास्त वेळ लागतो.

मनाली_प्र:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात काम करते, झोप आणि अँग्झायटीचे पेशंट रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

फरक पडतो का, तर हो, पडतो. यावर आता नीट प्रयोग झालेत. २०२५ च्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या क्रेम्सच्या विद्यापीठाचा एक प्रयोग छापून आला. १११ विद्यार्थी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाने तीन आठवडे रोजचा स्क्रीन टाइम दोन तासांच्या आत ठेवायचा आणि दुसऱ्याने नेहमीसारखं वागायचं. कमी करणाऱ्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं २७ टक्क्यांनी कमी झाली, ताण १६ टक्क्यांनी, आणि झोपेची गुणवत्ता १८ टक्क्यांनी सुधारली. आकडे मोठे दिसतात पण शास्त्रीय भाषेत हा परिणाम लहान ते मध्यम म्हणतात, आणि हे सगळे तब्येतीने बरे असलेले तरुण होते. त्याच सुमारास अमेरिका आणि कॅनडातल्या ४६७ लोकांवरचा प्रयोग आला, त्यात दोन आठवडे फोनवरचं इंटरनेटच ब्लॉक केलं होतं. कॉल आणि एसएमएस चालू, कॉम्प्युटरवर नेट वापरायला पण मोकळीक. फोनवरचा वेळ दिवसाला सरासरी ३१४ मिनिटांवरून १६१ वर आला, आणि मूड, एकंदर समाधान, एकाग्रता यापैकी निदान एका बाबतीत तरी ९१ टक्के लोकांमध्ये सुधारणा दिसली. का सुधारलं ते शोधलं तर लोक जास्त भेटायला-बोलायला लागले होते, व्यायाम करायला, बाहेर मोकळ्यावर जायला लागले होते. म्हणजे फोन गेल्याने जागा रिकामी झाली आणि त्या जागेत काय आलं त्याने बराच फरक पडला.

पण एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. ऑस्ट्रियाच्या प्रयोगात तीन आठवडे संपल्यावर लोकांचा स्क्रीन टाइम परत वर गेला, जवळजवळ होता तिथे, आणि त्याबरोबर मिळालेला फायदा पण ओसरायला लागला. म्हणून मी पेशंटला "एक महिना डिटॉक्स करा" असं सांगत नाही, मला ते पटत नाही. कायम जमेल एवढंच कमी करा, पण ते घराच्या व्यवस्थेत बसवा. कृष्णाकाठ यांनी चार्जरची जागा बदलली ना, तसं. त्याला रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

आता झोप नेमकी कशामुळे बिघडते ते सांगते, कारण सगळे स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाच्या मागे लागतात. प्रकाशाचा परिणाम खरा आहे, २०१४ च्या शेवटी हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं की झोपण्याआधी टॅबलेटवर पुस्तक वाचलं तर मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, कमी होतं आणि शरीराचं घड्याळ दीड तास मागे सरकतं. पण त्यात १२ जण होते, चार-चार तास वाचत होते, खोली अंधारी आणि ब्राइटनेस फुल्ल. आणि तेवढं करूनही झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटंच उशीर झाला. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने १६७ तरुणांवर आयफोनचा नाइट शिफ्ट तपासला, म्हणजे स्क्रीन पिवळट करतो तो, तर नाइट शिफ्टवाले आणि साधी स्क्रीन वापरणारे यांच्या झोपेत फरकच सापडला नाही. तेव्हा पिवळी स्क्रीन करून दीडपर्यंत रील्स बघणं याला काही अर्थ नाही.

जास्त नुकसान दोन गोष्टी करतात. एक तर वेळ. तुम्ही अकराला आडव्या होता, दीडला झोपता, साडेपाचला उठता, म्हणजे चारच तास. तेवढ्यावर कुणाचीही चिडचिड होणार, छातीत धडधडणार, मुलीवर आवाज चढणार. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डोक्याची जागृती. ऑडिटचा मेसेज वाचला की फोन ठेवल्यावरही मन तिथेच असतं, गॅस बंद केला तरी दूध लगेच निवत नाही तसं. रील्सचं आणखी वेगळं, त्याला शेवटच नाही, सिरियलचा भाग निदान संपतो तरी.

तुम्ही जे लिहिलंत ना की तेवढाच वेळ माझा एकटीचा असतो, मला त्याचं फार वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हेच सांगतात. मग नुसता फोन काढून घेतला तर तो वेळही जातो, आणि ते टिकणं शक्यच नाही. म्हणून आधी तुमचा तो वेळ दिवसात दुसरीकडे कुठे बसवता येईल ते बघा, अर्धा तास का होईना, साडेआठ-नऊला. भाजी दुसऱ्या कुणीतरी चिरावी. तुम्ही फोन ठेवायच्या आधी घरातल्यांनी हे करायला हवं, आणि डॉक्टरांनी खरं तर त्यांना सांगायला हवं होतं.

जर्सीकर:
मी थोडं वेगळं मत मांडतो. मी न्यू जर्सीत असतो, आई-बाबा सांगलीला. इथली रात्र म्हणजे त्यांची सकाळ. मागच्या वर्षी मी असंच काहीतरी वाचून सगळी ॲप्स काढून टाकली आणि रात्री फोन स्विच ऑफ करून कपाटात ठेवायला लागलो. मला उलट त्रास झाला. रात्री दोनला जाग यायची आणि मनात यायचं की आता सांगलीत दुपार होत आलीये, बाबांना काही झालं असेल आणि कुणी फोन लावत असेल तर. उठून फोन ऑन करायचो, काहीच नसायचं, मग झोप गेलेली. आणि इथे मराठी बोलायला आसपास कुणी नाही, जे काही आपले लोक आहेत ते त्या फोनमध्येच आहेत, ते बंद केल्यावर वीकेंडला खूप एकटं वाटायचं. त्यामुळे फोन कमी केला की मानसिक आरोग्य सुधारतंच हे सगळ्यांना लागू होईल असं मला वाटत नाही. निशिगंध यांचे वडील पण एकटेच आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

मनाली_प्र:
जर्सीकर, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्याला आधार पण आहे. २०१९ मध्ये भारतातल्याच स्मार्टफोन वापरणाऱ्या दोनशेहून जास्त लोकांवर एक प्रयोग छापून आला होता. एका गटाला नोटिफिकेशन दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र मिळायची, एका गटाला दर तासाला, एका गटाची पूर्ण बंद, आणि उरलेल्यांची नेहमीसारखी. तीन वेळावाल्यांचा ताण कमी झाला, मूड सुधारला, कामात लक्ष लागलं. पण ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना असा फायदा झाला नाही, उलट काहीतरी निसटतंय ही भीती आणि अस्वस्थता वाढली. म्हणजे फोन कधी बोलणार हे आपण ठरवायचं, त्याचं तोंड पूर्ण बंद करायची गरज नाही.

शिवाय फोनवर काय करतो यावरही अवलंबून आहे. आईशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलणं आणि अनोळखी लोकांच्या रील्स अर्धा तास सरकवणं, दोन्ही स्क्रीन टाइममध्ये सारखेच मोजले जातात पण मनावर सारखा परिणाम करत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ ला १४३ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटंच वापरायला सांगितलं होतं, तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली होती. पूर्ण बंद नव्हतं केलं, दहा-दहा मिनिटं होतीच. तुम्ही सांगलीचे कॉल अजिबात कमी करू नका, बाकीचं करा.

खटपट्या:
फोन बंद न करता वडिलांचा कॉल येईल असं सेटिंग करता येतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो. अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्बमध्ये जा, तिथे कॉल कुणाचे येऊ द्यायचे ते निवडता येतं, त्यात फक्त स्टार केलेले कॉन्टॅक्ट ठेवा आणि वडील, त्यांचे शेजारी, गावातले डॉक्टर यांना स्टार करा. शेजाऱ्यांना विसरू नका, कारण खरी अडचण येते तेव्हा बहुतेक वेळा वडील नाही, शेजारीच फोन करतात. त्याच ठिकाणी परत फोन करणाऱ्याला येऊ द्या असा एक पर्याय असतो, तो चालू केला की अनोळखी नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजतो. आयफोनवर पण हे आहे, तिथे तीन मिनिटं.

आणि महत्त्वाचं, सगळ्यांना सांगून ठेवा की रात्री काही असेल तर साधा कॉल करा, व्हॉट्सॲप कॉल करू नका. व्हॉट्सॲपचा कॉल प्रत्येक फोनमध्ये या सेटिंगमधून नीट सुटेलच असं नाही. एकदा रात्री वडिलांना साधा कॉल करायला सांगून वाजतो का ते तपासून घ्या, म्हणजे मनाला शांतता. वेळ लावून ठेवा, दहा ते पाच, रोज हाताने चालू करायला लागू नये.

कंपनीचा ग्रुप म्यूट नका करू, अर्काइव्ह करा. म्यूट केला तरी वरती दिसत राहतो आणि बोट जातंच. अर्काइव्ह केलेला यादीतून निघून वेगळ्या कप्प्यात जातो आणि नवीन मेसेज आला तरी यादीत परत येत नाही, सेटिंगमध्ये तसं चालू असलं पाहिजे मात्र. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करायची पण सोय असते, डिजिटल वेलबीइंगमधल्या बेडटाइम मोडमध्ये. मला तिचा उपयोग झाला, साड्यांचे व्हिडिओ राखाडी दिसले की फार वेळ बघवत नाहीत.

शेवंती:
मी साठी ओलांडलेली आहे, मिस्टर गेल्यापासून एकटीच झोपते. मला शांततेत झोप येत नाही म्हणून यूट्यूबवर कीर्तन लावून फोन उशीशी ठेवते आणि ऐकता ऐकता झोपते. पण मग रात्रभर चालू राहतं, मध्येच जाहिरात जोरात लागते की दचकून जाग येते. मुलगा म्हणतो फोनच नको जवळ. मला भीती वाटते की मग झोपच येणार नाही. मनालीताई, हे पण वाईट का?

मनाली_प्र:
नाही हो शेवंतीताई, ऐकणं आणि बघत राहणं यात बराच फरक आहे. डोळे मिटलेले आहेत, बोट चालत नाहीये, पुढे काय लावू हे ठरवायचं नाहीये, आणि कीर्तन ओळखीचं आहे. त्रास देतंय ते रात्रभर चालू राहणं आणि जाहिराती. त्याला सोपा उपाय म्हणजे कीर्तन आधीच डाउनलोड करून नुसतं ऑडिओ लावा किंवा साधा छोटा रेडिओ घ्या, आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल असा टायमर. फोन उशीशी नको, हात पुरणार नाही एवढ्या लांब टेबलवर. मुलाला म्हणावं टायमर लावून दे, फोन काढून घेऊ नकोस. एकटं झोपणाऱ्या माणसाला आवाजाची सोबत लागते, त्यात काही चूक नाही.

घाटमाथा:
खटपट्या, अर्काइव्हचं आत्ताच केलं. धन्यवाद. एक विचारायचं होतं, अलार्मसाठी फोन लागतो त्याचं काय करायचं?

खटपट्या:
साधं गजराचं घड्याळ घ्या हो, सेलवर चालणारं, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतं, दोनशे-तीनशेत येतं. टिकटिक नको असेल तर डिजिटल घ्या पण उजेड पडणारं घेऊ नका.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मनालीताई, तुमचं पहिलं उत्तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं, भाजीचा भाग पण. ते काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी शिफ्ट नव्हती तर गवार त्यांनीच निवडली. मुलीला पण सांगितलं की नऊ ते साडेनऊ आई गच्चीवर असते, घर जळत असेल तरच हाक मार. सासूबाईंना आधी ते पटलं नाही, आता त्याच म्हणतात जा.

फोन आता फ्रिजच्या वर चार्जिंगला असतो, खटपट्या यांनी सांगितलं तसं सेटिंग करून. बाबांना दोनदा कॉल करायला लावून तपासलं, वाजतो. सिन्नरच्या शेजारच्या काकांचा नंबर पण स्टार केला, तो सल्ला फार मोलाचा होता, माझ्या डोक्यात फक्त बाबाच होते. कंपनीत साहेबांना सांगितलं की दहानंतरचं मी सकाळी बघेन, काही तातडीचं असेल तर कॉल करा. मला वाटलं होतं ऐकावं लागेल, पण ते नुसतं बरं म्हणाले आणि आतापर्यंत एकदाही कॉल आलेला नाही.

ओरडणं कमी झालंय, हे मुलगीच म्हणाली. धडधड पण मधल्या दिवसांत जाणवली नाही. पण झोपेचं अजून नीट जमलेलं नाही. साडेदहाला आडवी होते आणि नुसती पडून राहते, बारा वाजतात, डोक्यात सगळं फिरत राहतं, कधी तीनला जाग येते ती येतेच. आधी फोन होता तेव्हा निदान हे विचार तरी यायचे नाहीत. म्हणजे मला झोपेचाच आजार आहे का? का फोनमुळे तो झाकला गेला होता?

कृष्णाकाठ:
ताई, आमच्याकडे पण सुरुवातीला असंच झालं होतं, अंग दीडच्या सवयीचं असतं. मनालीताई नीट सांगतील, पण घाबरू नका.

मनाली_प्र:
निशिगंध, तुम्ही विचारलंत ते दोन्ही थोडं थोडं खरं असू शकतं. बऱ्याच लोकांना दिवसभर विचार करायला वेळच मिळत नाही आणि रात्री फोन ते विचार लांब ठेवतो. फोन गेला की ते समोर येतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे जड जातात आणि लोकांना वाटतं की फोनच बरा होता. त्यावरून लगेच आजार आहे असं म्हणता येत नाही, शरीराच्या घड्याळालाच दीडवरून अकरावर यायला वेळ लागतो.

एक बदल करा. साडेदहाला आडव्या होऊ नका. तुम्हाला झोप बाराच्या आसपास येते ना, मग सध्या साडेअकरा-पावणेबाराला, डोळे मिटायला लागल्यावरच अंथरुणावर जा. तोवर हॉलमध्ये बसा, वाचा, कपडे घड्या करा, काहीही शांत. सकाळी उठायची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा, रविवारी नऊपर्यंत झोपलात की सोमवारी परत पहिल्यापासून सुरुवात. झोप लवकर लागायला लागली की आडवं व्हायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. आडवं होऊन वीसेक मिनिटांत लागली नाही असं वाटलं तर उठून बाहेर जाऊन बसा, झोप आली की परत या. घड्याळ बघू नका, अंदाजानेच. तीनला जाग आली तरी तसंच. अंथरुण आणि जागं राहून विचार करणं यांची जी सांगड बसलीये ती यानेच सुटते. निद्रानाशासाठीच्या सीबीटी-आय नावाच्या उपचाराचा हा मुख्य भाग आहे आणि गोळीच्या आधी तोच करून बघावा असं सांगतात. आणि संध्याकाळी गच्चीवर जाता तेव्हा एक वही घेऊन जा, उद्याची कामं आणि मनात जे फिरतंय ते तिथेच लिहून टाका, म्हणजे ते रात्री अंथरुणात उगवायचं बऱ्यापैकी कमी होतं. दुपारी चारनंतरचा चहा बंद.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असंच चाललं आणि ते तीन महिने टिकलं तर त्याला निद्रानाश म्हणतात, पण तुम्ही तोवर थांबू नका, चारेक आठवड्यांत फरक नाही पडला तर झोपेचं काम करणाऱ्या सायकॉलॉजिस्टला किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि मन फारच खाली जात असेल, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा जगण्याबद्दल वेडेवाकडे विचार आले तर एक दिवसही थांबायचं नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हे सगळ्यांसाठीच लिहितेय. घरात एखादा मुलगा फोन काढून घेतला की तोडफोड करण्यापर्यंत जात असेल तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठीच शट क्लिनिक चालतं, पण आधी आपल्या गावातले मनोविकारतज्ज्ञ गाठा, त्यांना हे आता नवीन राहिलेलं नाही.

नवरा घोरतात का हो? विचारायचं राहिलं. तीनला नेमकी त्या आवाजाने जाग येत असेल तर त्याचा उपाय वेगळा आहे, आणि मग तपासणी त्यांची करायला लागेल.

निशिगंध:
घोरतात! आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन परत जोरात सुरू होतो. मी ते कधी धरलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांची दिवसपाळी आहे, तेव्हा घेऊन जाते दाखवायला. कान-नाक-घसावाल्यांकडे जायचं का अजून कुणाकडे?

मनाली_प्र:
छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घसा, दोन्ही चालेल. जाताना श्वास थांबतो हे आधी सांगा, नुसतं घोरतात म्हणू नका, आणि स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेत श्वास वगैरे मोजायची तपासणी, लागेल का ते विचारा. रात्रपाळीवरून गाडी चालवत येत असतील तर डुलकी लागायचा धोका असतो, म्हणून हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका, याच आठवड्यात जा.